मालवणचा राखीव समुद्र आणि बेकायदेशीर मासेमारी : कायदा कडक झाला, मग घोडे अडते कुठे?

सिंधुसागर (धागाकर्ता)

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 यात 2021 मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमारांनी तिचे मनापासून स्वागत केले होते. त्याआधी दंडाची रक्कम पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेली असे आणि ती फार तर त्या किमतीच्या पाचपट होई. पंचनाम्यात मासळी कमी दाखवली की दंडही आपोआप आटोपशीर होत असे. दुरुस्तीनंतर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करणाऱ्या नौकेस 5 लाखांपासून 20 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली आणि प्रकरणांचा निवाडा करण्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे गेले. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली आहे.

याखेरीज मालवणला आणखी एक कवच आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचा समुद्र 13 एप्रिल 1987 रोजी सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर असून त्यातला 3.182 चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. म्हणजे या पाण्याला मासेमारीचा कायदाही लागू आहे आणि वन्यजीव कायदाही.

इतके असूनही अमावस्येच्या मागेपुढे किनाऱ्यावरून पाहिले, तर क्षितिजावर दिव्यांची रांग दिसतेच, आणि परराज्यातील हायस्पीड ट्रॉलर दहा वावांच्या (सुमारे 18 मीटर खोलीच्या) आत येऊन जाळी तोडून गेल्याच्या तक्रारीही थांबलेल्या नाहीत. माझा प्रश्न एवढाच आहे की नौका दिसण्यापासून दंड वसूल होण्यापर्यंतच्या साखळीत नेमकी कोणती कडी कच्ची आहे? पर्ससीन (माशांचा थवा वेढून खालून आवळायचे मोठे जाळे) चांगली की वाईट, या विषयावर येथे पूर्वी भरपूर लिहून झाले आहे, त्यामुळे चर्चा शक्यतो अंमलबजावणीपुरतीच ठेवावी, ही विनंती.

खवय्या

कच्ची कडी गस्तीची वेळ गुप्त ठेवण्याची आहे. गस्तीनौकेसाठी डिझेलची पिंपे जेट्टीवर आली की अर्ध्या बंदराला मुहूर्त कळतो, आणि उरलेल्या अर्ध्याला तो व्हॉट्सॲपवरून कळवला जातो.

रापणकर दांडी

खवय्या यांनी विनोदाने लिहिले असले, तरी ते खोटे नाही. आमच्या घरात तीन पिढ्या रापण आहे. रापणीचे जाळे किनाऱ्यालगत होडीतून अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर पकडून माणसांनी वाळूवर ओढायचे, ही पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजेल की आम्ही माशाच्या मागे जात नाही, मासा आमच्याकडे येण्याची वाट पाहतो. बांगडा, तारली आणि पेडवे यांचे थवे किनाऱ्याकडे येण्याआधीच बाहेर दिव्याखाली गोळा केले गेले, तर आमच्या दोराला शेवाळ आणि प्लॅस्टिक लागते. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, रापण ओढून झाल्यावर वाटणीला काय आले याची आमच्या संघाची वही आहे.

अंमलबजावणीबद्दल बोलायचे, तर गेल्या काही हंगामांत मच्छीमारांनी स्वतः समुद्रात जाऊन नौका घेरल्या आणि बंदरात आणल्या, असे प्रसंग घडले आहेत. त्यात मारामाऱ्या झाल्या आणि गुन्हे आमच्याच मुलांवर दाखल झाले. 2015 साली मालवणजवळच्या आचऱ्याला पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात काय झाले, ते सर्वांना आठवत असेल. आमच्या वाडीतल्या एका ज्येष्ठ नाखव्याचे म्हणणे मी त्याच्याच भाषेत देतो : "पकडूचा काय, पकडून आमी पण दितंव. सोडता कोण, तां सांगा."

निवृत्त गस्तवाला

मी मत्स्यव्यवसाय खात्यात नोकरी केली आहे. जिल्हा सांगत नाही. दांडीकरांच्या नाखव्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमची गस्तीनौका बहुधा भाड्याने घेतलेली, लाकडी असे. समोरची नौका मोठ्या इंजिनाची असेल, तर पाठलाग हा शब्दच हास्यास्पद ठरतो. रात्रीच्या वेळी लाटांवर दोन नौका एकमेकींना लावणे हे दिसते तितके सोपे काम नाही. समोरच्या नौकेवर वीस-पंचवीस खलाशी असतात, आणि आपल्याकडे एक परवाना अधिकारी, एखादा पोलीस शिपाई आणि सुरक्षा रक्षक एवढीच माणसे असतात. अशा वेळी कायद्याचे कलम वाचून दाखवून कोणी नौका बंदराकडे वळवत नाही.

समजा, वळवली. मग पंचनामा करायचा. नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक, परवाना, पकडले त्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश, वेळ, जाळ्याचा प्रकार, आसाचे (जाळ्याच्या छिद्राचे) माप आणि मासळीचे जातवार वजन, हे सर्व त्यात यावे लागते. आस मोजायचे तर जाळे ओढून ताणायचे आणि गाठीपासून गाठीपर्यंत पट्टी लावायची. पर्ससीनसाठी 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने ठरवलेले किमान माप 25 मिलिमीटर आहे. हे माप हलत्या डेकवर, ओल्या कागदावर, विजेरीच्या उजेडात लिहायचे आणि त्यावर दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. ज्या बंदरात प्रत्येकाचा भाऊबंद कुठल्या ना कुठल्या नौकेवर आहे, तेथे सकाळी सहा वाजता पंच म्हणून उभा राहायला तयार होणारा माणूस शोधून दाखवावा.

त्यानंतर मासळीचा लिलाव असतो. नाशवंत माल असल्यामुळे तो लगेच करावाच लागतो. मालकाशी संबंध राखून असलेले व्यापारी त्या दिवशी बोली चढवत नाहीत. जुन्या कायद्यात दंड मासळीच्या किमतीवर अवलंबून होता, म्हणजे लिलाव पडला की दंडही पडत असे. धागाकर्त्यांनी हे अचूक लिहिले आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीचा खरा फायदा मला येथेच दिसतो.

मग प्रतिवेदन (नौकेविरुद्धचा लेखी अहवाल) दाखल होते, सुनावणी होते आणि मालकाचे वकील उभे राहतात. त्यांचा पहिला मुद्दा ठरलेला असतो : नौका त्या वेळी 12 सागरी मैलांच्या बाहेर होती. येथे आमच्या पंचनाम्यातली जीपीएसची नोंद एका अंकाने जरी चुकलेली असली, तरी सगळे मुसळ केरात जाते.

मिरकरवाडा नाखवा

मी रत्नागिरीचा आहे आणि माझी नौका पर्ससीनची आहे. परवानाधारक आहे, हे आधीच सांगतो, कारण या विषयावर पर्ससीनवाला म्हटले की चोर, असे समजूनच लिहिले जाते.

परवाने शासनानेच दिले. बँकांनी कर्जेही त्या परवान्यांवरच दिली. त्यानंतर पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि 2016 च्या आदेशाने आमचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच राहिला. परवान्यांची संख्याही टप्प्याटप्प्याने घटवून 182 वर आणण्याचे ठरले. आठ महिने नौका उभी, खलाशांना उचल मात्र हंगामाआधीच द्यावी लागते आणि बँकेचा हप्ता बारा महिने चालू असतो. आम्ही थांबलो म्हणून मासा थांबत नाही. तो दक्षिणेकडे गेला की तेथील नौका त्याला पकडतात, आणि वर त्याच नौका आमच्या हद्दीतही येतात.

एलईडीचे समर्थन मी करणार नाही. ती मासेमारी बंद व्हायलाच हवी, कारण एका रात्रीत जो माल निघतो त्याने बाजारातील दर कोसळतो आणि परवाना पाळणाऱ्या पर्ससीनवाल्याचेही नुकसान होते. परंतु किनाऱ्यालगत परवाना नसलेल्या मिनी पर्ससीन कोण वापरते, याकडेही एकदा पाहावे. त्यांत सगळेच भांडवलदार नाहीत. काही जण दांडीकरांच्याच वाडीत राहणारे निघतील.

रापणकर दांडी

नाखवा, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे नकार नाही. आमच्याकडेही तसे लोक आहेत आणि त्यांच्यावरही कारवाई व्हावी, असे आमच्या सोसायटीच्या सभेत बोलले गेले आहे. पण प्रमाण पाहा. मिनी पर्ससीनची होडी पकडायला सोपी असते, म्हणून कारवाईच्या आकड्यांत ती पटकन दिसते. मोठा दिवा मात्र बाहेर जळतच राहतो.

वकिलीणबाई

"12 मैलांच्या बाहेर" या बचावामागे खरी कायदेशीर पोकळी होती, म्हणून तो समजून घेणे आवश्यक आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतील 21 व्या क्रमांकाचा विषय आहे, तर प्रादेशिक जलधीबाहेरील मासेमारी केंद्र सूचीत 57 व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे राज्याचा 1981 चा अधिनियम आधाररेषेपासून (साधारण ओहोटीच्या पाण्याच्या रेषेपासून) 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच चालतो. हे अंतर वाळूपासून मोजायचे नसते, आणि बऱ्याच प्रकरणांत वादाची सुरुवात येथूनच होते.

त्यापलीकडे 200 मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने कृत्रिम दिव्यांची मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढणे) यांवर बंदी घातली खरी, परंतु त्या क्षेत्रातील भारतीय नौकांसाठी स्वतंत्र दंडाचा कायदा नव्हता. तटरक्षक दलाकडे मासेमारीविषयी जो 1981 चा केंद्रीय कायदा आहे, तो परदेशी नौकांसाठी आहे. म्हणजे कर्नाटकातल्या मलपीची किंवा रत्नागिरीची नौका तेराव्या मैलावर दिवा लावून उभी असली, तर राज्याचे हात पोचत नव्हते आणि केंद्राच्या हातात काठी नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने या क्षेत्रासाठी नवे नियम अधिसूचित केले असून त्यांत एलईडी मासेमारीवरील बंदीचा समावेश आहे आणि यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेशपरवाना घ्यावा लागणार आहे. तो परवाना रद्द होण्याची भीती दंडापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल, असे मला वाटते.

दुसरा मुद्दा असा की निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य विभागाकडे देण्यात आले, त्याचे येथे सर्वांनी स्वागत केले आहे. मला त्यात थोडी धास्ती वाटते. जो विभाग गस्त घालतो आणि प्रतिवेदन दाखल करतो, त्याच विभागातील अधिकारी निवाडाही करतो. निकाल झटपट लागतील हे खरे, परंतु अपिलात "आरोप करणारा आणि न्याय देणारा एकच" हा आक्षेप घेतला गेला, तर त्याला उत्तर देताना नाकीनऊ येतील.

निवृत्त गस्तवाला

बाईंचा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. व्यवहारात मात्र तहसीलदारांच्या टेबलावर निवडणूक, टंचाई, नुकसानभरपाई आणि दाखले यांच्या खाली आमची प्रतिवेदने पडून राहत. तोपर्यंत नौका पुढच्या हंगामात समुद्रात गेलेली असे. दोन्हींतून निवडायचे झाले, तर मी झटपट निकालच निवडेन.

पुणेरी ग्राहक

तिऱ्हाईत म्हणून एक शंका विचारतो. ड्रोन आले, नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसत आहेत, मग कोणती नौका कोठे आहे हे कार्यालयात बसून कळत नाही का? पुण्यात सिग्नल तोडला तर घरी चलन येते. तसे चलन समुद्रातून का येऊ नये?

मिरकरवाडा नाखवा

पुण्यात ते चलन भरतात का, हे आधी सांगावे.

सिंधुसागर

नाखवा यांचा टोला मान्य करून पुणेकरांना उत्तर देतो. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या नौका-संपर्क योजनेचा आरंभ झाला, तिच्यात देशभरातील 1 लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. परंतु तिचा मुख्य हेतू वादळाची सूचना आणि संकटसमयी मदत हा आहे. ट्रान्सपाँडर बंद ठेवला तर तो बिघडला होता असे सांगता येते, आणि बंद ठेवणे हाच दंडनीय अपराध झाल्याशिवाय त्याचा पुरावा म्हणून फारसा उपयोग होणार नाही. शिवाय नौका कोठे आहे हे कळले, तरी ती तेथे नांगरून उभी आहे, जाळे टाकत आहे की नुसती पुढे चालली आहे, हे एका ठिपक्यावरून सिद्ध करणे कठीण आहे. ड्रोनच्या चित्रणात दिवे आणि जाळे दिसू शकते, हा त्याचा मोठा लाभ आहे, पण रात्री नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे. क्रमांकावर ताडपत्री टाकली की संपले.

प्रवाळवेडी

धाग्याच्या शीर्षकात "राखीव समुद्र" आहे आणि चर्चा सगळी 12 मैलांवर चालली आहे, म्हणून अभयारण्याकडे लक्ष वेधते. मी किल्ल्याच्या भोवताली प्रवाळांच्या नोंदी करणाऱ्या एका गटाबरोबर काम केले आहे. अभयारण्याच्या हद्दी नकाशावर आहेत, पण पाण्यावर त्या कोठे सुरू होतात हे होडीत बसलेल्या माणसाला कळावे, अशी खूण पुरेशा ठिकाणी नाही. गाभा क्षेत्रात एखाद्याने गळ टाकला, तर तो नियम मोडतो आहे हे त्याला ठाऊक असेलच, असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पर्यटकांच्या होड्या प्रवाळांवर नांगर टाकतात तो वेगळा विषय आहे, पण तेथेही अडचण हीच आहे.

मत्स्य विभाग, वन विभागाचा कांदळवन कक्ष, सागरी पोलीस, बंदर खाते आणि तटरक्षक दल, अशा पाच यंत्रणा या एवढ्याशा पाण्याकडे पाहत असतात. प्रत्येकीला वाटते की दुसरी पाहत आहे.

रापणकर दांडी

ताई, अभयारण्य हा शब्द आमच्या वाडीत काढला तर लोक उठून जातात. 1987 मध्ये अधिसूचना निघाली तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीला कोणी विचारले नव्हते, आणि तेव्हापासून विरोध आहे तो आजही आहे. ज्या कायद्याखाली आपलीच होडी जप्त होऊ शकते, त्या कायद्याचे रक्षक म्हणून आम्ही का उभे राहावे? मासेमारी कायद्याची गोष्ट वेगळी आहे. तो आमच्या आंदोलनांतून आलेला आहे, म्हणून त्याच्यासाठी आम्ही रात्री समुद्रात जातो.

वकिलीणबाई

दांडीकरांच्या म्हणण्याला कायद्यातच आधार आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम 26-अ नुसार प्रादेशिक जलधीतील क्षेत्र अभयारण्यात घ्यायचे असेल, तर नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करावा लागतो आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितसंबंधांच्या रक्षणासाठी पुरेशी व्यवस्था करावी लागते. ही तरतूद 1991 च्या दुरुस्तीने आली, म्हणजे मालवणची अधिसूचना तिच्या आधीची आहे.

बार्देशकार

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे सत्तरच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध जो लढा दिला, त्यात माथानी साल्ढाणा पुढे होते, आणि त्यातूनच 1980 चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला. केरळचाही त्याच वर्षीचा आहे. कायदा आंदोलनातून आला म्हणून पाळला जातो, असा आमचा अनुभव मात्र नाही. एलईडीवर बंदी आमच्याकडेही आहे आणि जेट्टीवर जनरेटर बसवलेल्या नौका उघड्या डोळ्यांनी दिसतात.

मला एक गोष्ट कधीच उमगलेली नाही. मालवणच्या पाण्यात मासळी मारून नौका आमच्या जेट्टीवर येते, आमच्याकडची नौका वेंगुर्ल्यापर्यंत जाते, आणि दोन्ही राज्यांचे अधिकारी आपापल्या रेषेपाशी थांबतात. मासा आणि गुन्हेगार दोघेही रेषा ओलांडतात, फक्त पंचनामा ओलांडत नाही.

सातपाटीची लेक

बार्देशकार यांनी जेट्टीचा उल्लेख केला, तो धागा पकडून लिहिते, कारण मला वाटते की कच्ची कडी समुद्रात नसून बंदरात आहे. समुद्र अफाट आहे. महाराष्ट्राचा किनाराच जुन्या मोजणीप्रमाणे 720 किलोमीटर आहे. पण प्रत्येक नौकेला शेवटी बंदरात यावे लागते. मासळी, बर्फ, डिझेल आणि लिलाव हे सगळे तेथेच होते. पर्ससीनचे जाळे खिशात लपवता येत नाही, ते डेकवर डोंगरासारखे रचलेले असते. दिव्यांचे खांब आणि जनरेटरही असेच उघड दिसतात. मध्यरात्री बाराव्या मैलावर जे सिद्ध करता येत नाही, ते जानेवारी महिन्यात जेट्टीवर उभ्या असलेल्या नौकेवर भरदिवसा दिसते : हंगाम डिसेंबरमध्ये संपला, मग हे जाळे ओले कसे?

आमच्याकडे पापलेटवर घर चालते. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच सुमारास पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. या नियमाची तपासणी तर समुद्रात होऊच शकत नाही, ती टोपलीतच व्हायला हवी. पण लिलावाच्या जागी पट्टी घेऊन उभा राहिलेला अधिकारी मी आजवर पाहिलेला नाही. माझी आई डोळ्यांनी सांगू शकते की हा मासा अजून अंड्यावर आलेला नाही, आणि तरीही तो विकत घेतला जातो, कारण समोरची बाई तो घेणारच आहे.

खवय्या

येथे ग्राहक म्हणून मान खाली घालतो. छोटा पापलेट तव्यात बरोबर बसतो, हे त्याच्या दुर्दैवाचे कारण आहे.

मिरकरवाडा नाखवा

सातपाटीच्या ताईंशी मी बराच सहमत आहे, फक्त दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. डेकवर जाळे असणे हा गुन्हा ठरवला, तर परवानाधारकाने हंगामानंतर जाळे दुरुस्तीसाठी काढलेले असते त्यालाही अडकवले जाईल. आणि दुसरे असे की जेट्टीवर कारवाई झाली, तर तेथे हजार माणसांची रोजीरोटी त्या लिलावावर असते. समुद्रात अधिकारी एकटा असतो म्हणून घाबरतो, आणि जेट्टीवर गर्दी असते म्हणून घाबरतो.

मात्र एक दुखरी नस आहे, ती मी स्वतः नौकामालक असून सांगतो. डिझेल. नौकांना सोसायटीमार्फत डिझेलचा कोटा मंजूर होतो आणि त्यावरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. मोठ्या नौकेचा खर्चातला सर्वांत मोठा वाटा डिझेलचाच असतो. दंड झाला तर मालक अपिलात जाईल, वेळ काढेल, राजकीय वशिला लावेल. पण दोषी ठरलेल्या नौकेचा कोटा आणि परतावा त्याच हंगामात थांबला, तर दुसऱ्या दिवशी खलाशी विचारतील की नाखवा, बाहेर कधी जायचे?

निवृत्त गस्तवाला

हे अगदी खरे आहे. माझ्या काळात आम्ही जप्त केलेल्या एका नौकेच्या मालकाने दंडाच्या नोटिशीचे विमान करून दाखवले होते, पण डिझेल थांबवण्याचे पत्र सोसायटीला गेल्याचे कळताच तोच मनुष्य संध्याकाळी कार्यालयाच्या बाकावर बसून होता. मात्र हे पत्र पाठवण्यासाठी निवाडा, परवाना आणि डिझेल या तीन फायली एकत्र याव्या लागतात. त्या एकाच इमारतीत असूनही एकत्र येत नाहीत, याला मी साक्षीदार आहे.

आणखी एक. दंड मालकाला होतो, पण पकडला जातो तो तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि त्याचे खलाशी. त्यांच्यातले बरेच जण नेपाळचे किंवा परराज्यातील असतात. त्यांना रेषा कोठे आहे हे ठाऊक नसते, आणि मालक घरी झोपलेला असतो.

प्रवाळवेडी

शिक्षेचा एवढा विचार झाला, म्हणून बक्षिसाचेही सांगते. महाराष्ट्रात डिसेंबर 2018 पासून एक योजना आहे. जाळ्यात कासव, देवमासा किंवा डॉल्फिन यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून तो मोबाइलवर चित्रण करून पाठवतो. म्हणजे वन विभागाची एकही नौका समुद्रात नसताना, चित्रण, स्थळ आणि वेळ यांसह खात्रीलायक माहिती मच्छीमाराकडून आपण होऊन येते. हीच पद्धत बेकायदेशीर नौकांच्या बाबतीत का वापरू नये? तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून त्याने केलेले चित्रण पुरावा म्हणून स्वीकारण्याची रीतसर व्यवस्था झाली, तर दांडीकरांच्या मुलांना नौका घेरायला जावे लागणार नाही.

रापणकर दांडी

नाव गुप्त राहील, यावर आमच्या वाडीत कोणाचाही विश्वास बसणार नाही. पण चित्रण करायला आम्ही आजही तयार आहोत. आमच्या मुलांच्या मोबाइलमध्ये दिव्यांच्या नौकांची कितीतरी चित्रणे पडून आहेत. ती कोणाला पाठवायची, एवढे कोणी लेखी सांगावे.

वकिलीणबाई

चित्रण ग्राह्य धरले जावे, यासाठी काळजी घ्यावी लागते. ते ज्या मोबाइलवर केले तो जपून ठेवावा, मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवून तिची प्रत पुढे करू नये आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे. स्थळाची नोंद चालू असताना चित्रण केले, तर 12 मैलांच्या वादात ते उपयोगी पडते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तमिळनाडूच्या पर्ससीन नौकांना 12 मैलांबाहेर आठवड्यातून दोनच दिवस आणि ठरावीक वेळेत मासेमारी करण्याची अंतरिम मुभा दिली, तेव्हा नौकेवर मागोवा यंत्र चालू असण्याची अटही घातली होती. यंत्र बंद तर परवानगी नाही, असे सूत्र परवान्यातच आणता येते, हे यावरून दिसते. सिंधुसागर यांची ट्रान्सपाँडरविषयीची अडचण त्याने बरीच सुटेल.

पुणेरी ग्राहक

नाखवांना कळवतो की मी चलन भरले आहे, पावती आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो. इतके वाचल्यावर मला असे दिसते की नौका दिसतात, कधीकधी पकडल्याही जातात, पण त्यानंतर काय झाले हे येथे कोणालाच नेमके ठाऊक नाही. किती प्रतिवेदने दाखल झाली, किती निकाली निघाली आणि किती दंड प्रत्यक्ष तिजोरीत जमा झाला, हे कोणी विचारले आहे का?

सिंधुसागर

पुणेकरांनी नेमक्या जागी बोट ठेवले. मी माहितीच्या अधिकारात अर्ज करत आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांसाठी 2021 च्या दुरुस्तीपासून आजवर दाखल झालेली प्रतिवेदने, त्यांचे निकाल, लावलेला दंड, वसूल झालेला दंड आणि अपिलांची स्थिती वर्षवार मागणार आहे. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून दोन्ही कार्यालयांना स्वतंत्रपणे पाठवतो. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. आणखी काही विचारायचे असल्यास उद्या सायंकाळपर्यंत येथे लिहावे.

मिरकरवाडा नाखवा

दोषी ठरलेल्या प्रत्येक नौकेस निकालाच्या तारखेनंतर डिझेलचा परतावा मिळाला का, मिळाला असल्यास कोणत्या तारखेला, हा प्रश्न अवश्य घालावा. रत्नागिरीचे उत्तर आले नाही, तर पहिले अपील मी स्वतः नेऊन देईन.

सातपाटीची लेक

आमचा पालघर जिल्हाही जोडावा. आणि किमान आकारमानाच्या नियमाखाली लिलावाच्या ठिकाणी किती तपासण्या झाल्या, हेही विचारावे. उत्तर शून्य आले तरी ते शिक्क्यासह लेखी हवे आहे.